पॉल एर्लिख व क्षयजंतूचें मेणकवच

खोकला कांहीं आठवडे हटला नाहीं कीं डॉक्टर रोग्याची थुंकी तपासावयास पाठवितात. ती कांचेच्या पट्टीवर पातळ पसरतात, वाळवितात, तिच्यावर तांबडा रंग ओतून खालून उष्णता देतात, आणि मग तीव्र आम्लानें ती धुतात. आम्ल लागतांच सर्व कांहीं फिकें पडतें. तांबड्या राहतात त्या केवळ कांहीं बारीक काड्या. त्या दिसल्या कीं क्षय ठरला. आतां या कामाला नवीं यंत्रें आलीं आहेत, तरी कित्येक दवाखान्यांत हा जुना प्रकार आजहि चालतो. आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी एका इस्पितळांत हेंच काम करितो. त्यानें एकदां आम्हांला सूक्ष्मदर्शकांतून त्या काड्या दाखविल्या. निळ्या कागदावर कोणीं तांबड्या शाईनें तुटक रेघा ओढाव्या, तशा त्या दिसत होत्या. ज्या पुरुषानें ही युक्ति शोधिली, त्यालाच पुढें तिच्या योगानें स्वतःच्या थुंकींत त्या काड्या दिसल्या, ही गोष्ट आम्हांला ठाऊक होती. परंतु त्या दिवशीं डोळ्यांनीं पाहिल्यावर ती मनाला लागली. त्या पुरुषाचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें ठेवावें असें तेव्हांपासून आमच्या मनांत होतें.

पॉल एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजीं सायलेशिया प्रांतांतील स्ट्रेलेन या लहानशा गांवीं एका यहूदी कुटुंबांत झाला. तो प्रांत त्या काळीं प्रशियाच्या राज्यांत होता. आतां तें गांव पोलंड देशांत आहे. वडील उतारशाळा चालवीत व मद्य गाळण्याचा धंदा करीत. आईच्या माहेरचे कार्ल वाइगर्ट हे पॉलहून नऊ वर्षांनीं वडील असून पुढें मोठे रोगविज्ञानवेत्ते झाले. शरीराच्या पातळ चकत्या कापून त्यांना रंग देण्याची विद्या त्यांना अवगत होती. मुलाला रंगांचें वेड लागलें तें या नातलगामुळें.

ब्रेस्लाऊ येथील शाळेंत पॉल लॅटिन व गणित या विषयांत चांगला होता, पण निबंध म्हटला कीं त्याच्या अंगावर कांटा येई. एकदां निबंधाला विषय आला तो जीवन हें एक स्वप्न आहे असा. इतर मुलांनीं या विषयावर काय लिहिलें असेल हें आम्ही निबंध तपासणारे लोक सहज सांगूं शकतों. पॉलनें लिहिलें कीं, जीवन म्हणजे प्राणवायूशीं होणारा संयोग, आणि स्वप्न म्हणजे मेंदूंतील एक प्रकारची चमक. शिक्षकांनीं त्याला फारच थोडे गुण दिले, असें सांगतात. आमच्याहि हातून असे निबंध गेले असतील, आणि त्यांना किती गुण पडले असतील, हा विचार आम्हांला सुखाचा वाटत नाहीं.

एर्लिख जन्मले त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८५६ सालीं, इंग्लंडांत पर्किन या तरुणानें दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग बनविला. पाहतां पाहतां जर्मनींत या रंगांचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. ते रंग कापडासाठीं होते. परंतु डॉक्टरांच्याहि हातीं ते आले. स्ट्रासबुर्ग येथें वैद्यकाचा अभ्यास करीत असतां एर्लिखांचें मेज निळ्या, तांबड्या, जांभळ्या डागांनीं भरून गेलें होतें. इतर विद्यार्थी रंगाचा उपयोग वस्तु दिसावी म्हणून करीत. एर्लिखांना निराळाच प्रश्न पडला होता. एकच रंग एका पेशीला धरतो आणि शेजारच्या पेशीला धरीत नाहीं, असें कां? रंगाचा रेणु व पेशींतील एखादा रेणु यांची कांहीं सोयरीक असली पाहिजे, असें त्यांना वाटे. १८७८ सालीं लाइपझिग येथें पदवीसाठीं त्यांनीं जो प्रबंध दिला तो याच विषयावर होता. आयुष्यभर त्यांनीं जें जें केलें तें या एका प्रश्नाच्या पोटीं आलें, असें आम्हांला वाटतें.

त्यांच्या विद्यार्थिदशेंतील एक कथा प्रसिद्ध आहे. १८७६ सालीं रॉबर्ट कॉख हे खेडेगांवचे डॉक्टर काळपुळीच्या जंतूंचे आपले प्रयोग दाखविण्यासाठीं ब्रेस्लाऊला आले. प्रयोगशाळा दाखवितांना कोणीं तरी त्यांना कोपऱ्यांत बसलेला हा रंगारी विद्यार्थी दाखविला, आणि रंग देण्यांत हा पटाईत आहे, पण परीक्षा कांहीं हा उतरावयाचा नाहीं, असा शेरा मारिला. परीक्षा एर्लिख उतरले. आणि त्या पाहुण्याची व त्यांची गांठ पुनः पडली ती अशी कीं दोघांचीहि नांवें एकाच रोगाशीं जडून राहिलीं.

ती तारीख २४ मार्च १८८२. एर्लिख त्या वेळीं बर्लिनच्या शारिटे या मोठ्या इस्पितळांत फ्रेरिख्स यांच्या हाताखालीं होते. त्या सायंकाळीं शरीरशास्त्र-मंडळाच्या सभेंत, एका लहानशा वाचनालयांत, कॉख यांनीं क्षयरोगाचा जंतु सांपडल्याचें जाहीर केलें. माणसांच्या मृत्यूंपैकीं सातवा हिस्सा या रोगानें होतो, असें गणित त्यांनीं प्रथम मांडिलें आणि मग तो जंतु पट्ट्यांवर दाखविला. व्याख्यान संपल्यावर कोणींहि प्रश्न विचारिला नाहीं. लोक उठून मुकाट्यानें सूक्ष्मदर्शकांपाशीं गेले. आपल्या शास्त्रीय आयुष्यांतील सर्वांत मोठा अनुभव हाच, असें एर्लिखांनीं पुढें नमूद करून ठेविलें आहे.

हा जंतु पूर्वीं कोणाला कां दिसला नव्हता? तो कांहीं दुर्मिळ नव्हता. रोग्याच्या फुप्फुसांत तो लाखांनीं असतो. अडचण अशी कीं तो रंगच घेईना. तेलकट पाटीवर जशी पेन्सिल उमटत नाहीं, तसे रंग त्याच्या अंगावरून निसटून जात. कॉख यांनीं निळ्या रंगांत क्षार मिसळून त्यांत पट्ट्या जवळजवळ चोवीस तास बुडवून ठेविल्या, मग त्यांवर तपकिरी रंग दिला, तेव्हां कोठें जंतु निळे व भोंवतालचें मांस तपकिरी दिसूं लागलें. रीत खरी, पण वेळखाऊ व नाजुक होती. एखाद्या गांवच्या डॉक्टराला ती जमणें कठीण होतें.

एर्लिख सभेंतून परतले ते कामालाच लागले. त्यांनीं क्षाराऐवजीं अनिलिन तेलानें संपृक्त केलेलें पाणी घेतलें आणि त्यांत तांबडा किंवा जांभळा रंग मिसळिला. पट्ट्या वाळाव्या म्हणून त्यांनीं रात्रीं थंड पडलेल्या लोखंडी शेगडीवर ठेविल्या. सकाळीं मोलकरणीनें नेहमींप्रमाणें शेगडी पेटविली, आणि त्या उष्णतेनें रंग जंतूंच्या आंत मुरला, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, उष्णता दिल्यानें रंग लवकर मुरतो हें मात्र खरें. पण या कामांतील खरी हुशारी पुढच्या पायरींत आहे. रंगविलेली पट्टी एर्लिखांनीं तीव्र नत्राम्लानें धुतली. इतर जंतूंचा व पेशींचा रंग तत्काळ गेला; क्षयजंतूचा गेला नाहीं. जो रंग आंत घ्यावयास इतका हट्टी, तो एकदां घेतलेला रंग सोडावयासहि तितकाच हट्टी निघाला. या जंतूभोंवतीं आम्लाला दाद न देणारें कांहीं तरी कवच असावें, असा एर्लिखांनीं तर्क केला. सहा आठवड्यांच्या आंत त्यांनीं ही पद्धति प्रसिद्ध केली, आणि कॉख यांनीं स्वतःची रीत बाजूस ठेवून ती मोकळ्या मनानें पत्करिली. पुढें त्सील व नेल्सन यांनीं अनिलिनच्या जागीं कार्बोलिक आम्ल आणिलें, म्हणून आज या परीक्षेला त्या दोघांचें नांव आहे. एर्लिखांनीं यावरून भांडण केल्याचें आम्हीं कोठें वाचलें नाहीं.

१८८३ सालीं त्यांचा विवाह हेडविग पिंकुस यांच्याशीं झाला. दोन मुली झाल्या. १८८५ सालीं फ्रेरिख्स वारले, आणि त्यांच्या जागीं आलेल्या वरिष्ठांना एर्लिखांच्या रंगकामाचें विशेष कौतुक नव्हतें. तशांत खोकला सुरू झाला. १८८८ सालीं एर्लिखांनीं स्वतःची थुंकी पट्टीवर घेतली, रंगविली, आम्लानें धुतली व सूक्ष्मदर्शकाखालीं ठेविली. दुसऱ्याच्या पट्टींत जें दिसे तेंच तिच्यांत दिसलें. वय चौतीस, मुली लहान, आणि जगांत या रोगावर औषध नाहीं, हें त्यांच्याइतकें चांगलें कोणाला ठाऊक असणार? पत्नीला घेऊन ते इजिप्तच्या कोरड्या हवेंत गेले, आणि १८८९ सालीं बरे होऊन परत आले.

परत आल्यावर नोकरी नव्हती. भाड्याच्या जागेंत त्यांनीं आपली लहानशी प्रयोगशाळा थाटली. पुढच्याच वर्षीं कॉख यांनीं ट्युबरक्युलिन नांवाचें क्षयावरील औषध जाहीर केलें. तें कशापासून केलें आहे हें त्यांनीं प्रथम गुप्त ठेविलें होतें. हजारों रोगी बर्लिनकडे धांवले. एर्लिखांनींहि तें स्वतःवर टोंचून घेतलें व कॉख यांच्या सांगण्यावरून इस्पितळांतील त्याच्या प्रयोगांची देखरेखहि केली. औषध फसलें, कित्येकांचा रोग त्यानें बळावला, कांहीं दगावले. कॉख यांच्या थोरवीला हा डाग आहे, आणि तो झांकून ठेवणें चरित्रकाराला शोभणार नाहीं. एर्लिखांचा रोग पुनः उलटला नाहीं. त्याचें श्रेय इजिप्तच्या हवेला किंवा त्यांच्या शरीराला द्यावें. त्या औषधाला देण्यास आम्ही धजत नाहीं.

यापुढील वीस वर्षांची कीर्ति जगाला ठाऊक आहे, म्हणून ती आम्ही थोडक्यांत सांगतों. घटसर्पावरील लशीच्या रक्तद्रवाची शक्ति नेमकी कशी मोजावी हें एर्लिखांनीं ठरवून दिलें, त्यामुळें तो उपाय भरंवशाचा झाला. १८९९ सालीं त्यांची संस्था फ्रँकफुर्टला आली. शरीर रोगाशीं कसें झुंजतें याविषयींच्या उपपत्तीसाठीं १९०८ सालीं मेचनिकॉफ यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. मग जुना प्रश्न नव्या रूपानें पुढें आला. रंग जर नेमका एका जंतूलाच धरतो, तर त्या जंतूलाच धरून मारणारें व रोग्याला न लागणारें विष कां बनवितां येऊं नये? ज्याची त्यालाच लागावी अशी मंत्रलेली गोळी त्यांना हवी होती. सोमलाचीं शेंकडों संयुगें तपासल्यावर, १९०९ सालीं जपानहून आलेले साहाचिरो हाता यांनीं ६०६ क्रमांकाचें संयुग उपदंशावर गुणकारी असल्याचें दाखविलें. १९१० सालीं तें सॅल्व्हर्सान या नांवानें बाजारांत आलें. जेवणाची शुद्ध नाहीं, चिरूट मात्र दिवसास पंचवीस. बगलेंत चिरुटांची पेटी, खिशांत रंगीत पेन्सिली, असा हा पुरुष होता. एवढी कीर्ति होऊनहि विद्यापीठांतील प्राध्यापकाची पूर्ण जागा त्यांना १९१४ सालीं, फ्रँकफुर्टचें नवें विद्यापीठ निघालें तेव्हां मिळाली. ते यहूदी होते, हें याचें एक कारण होय, आणि जर्मन विद्यापीठांना तें भूषणावह नाहीं.

२० ऑगस्ट १९१५ रोजीं, महायुद्ध चालू असतां, होम्बुर्ग येथें एर्लिख निवर्तले. ज्या रोगानें त्यांना गांठिलें होतें त्याच्यावरची गोळी त्यांच्या हातीं आली नव्हती. येथें एक चुटपुट लावणारी गोष्ट सांगितली पाहिजे. १९१२ सालीं, म्हणजे एर्लिख फ्रँकफुर्टला औषधें शोधीत असतांच, प्राग शहरीं मायर व माली या दोन रसायनशास्त्रज्ञांनीं अभ्यासाचा भाग म्हणून एक साधें संयुग बनविलें, त्याची नोंद केली व तें सोडून दिलें. तें आयसोनायझिड होतें. क्षयजंतूवर तें कोणीं घालून पाहिलें नाहीं. पुढचीं चाळीस वर्षें तें कागदांतच पडून राहिलें, आणि १९५२ सालीं क्षयावरील अत्यंत गुणकारी औषध म्हणून जगापुढें आलें. तें लागतें कोठें, हें पाहूं गेल्यास आपण पुनः एर्लिखांनीं तर्किलेल्या त्या कवचापाशीं येतों.

तें कवच मेणचट चरबीचें आहे. अमेरिकेंतील येल विद्यापीठांत रुडॉल्फ अँडरसन यांनीं वर्षानुवर्षें क्षयजंतूंचे ढीग वाढवून त्यांतील स्निग्ध पदार्थ निवडून काढिले, आणि १९३८ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्यांतील एका विलक्षण आम्लास मायकोलिक आम्ल हें नांव दिलें. आपल्या गोडेतेलांत किंवा तुपांत जीं स्निग्धाम्लें असतात त्यांच्या सांखळींत बहुधा सोळा किंवा अठरा कार्बन असतात. मायकोलिक आम्लांत साठापासून नव्वदपर्यंत असतात. अशा लांब सांखळ्या दाटीनें उभ्या राहिल्या म्हणजे मेणकापडासारखी भिंत होते. तींतून पाणी, आम्ल व बहुतेक औषधें सहज जात नाहींत.

एवढ्या लांब सांखळ्या जंतु वळतो कशा? त्याच्यापाशीं दोन कारखाने आहेत. पहिल्यांत एकच प्रचंड प्रथिन सर्व कामें करितें. दोरी वळणारा जसा एकाच जागीं बसून पीळ देत जातो, तसें तें दोन दोन कार्बन जोडीत सोळा-अठरांपर्यंत, आणि कांहीं सांखळ्या चोवीस-सव्वीसांपर्यंत नेतें. मनुष्याच्या शरीरांत चरबी बनविणारा मुख्य कारखानाहि याच जातीचा आहे. दुसऱ्या कारखान्यांत प्रत्येक कामाला निराळें प्रथिन असतें. पहिल्यानें दिलेली आंखूड सांखळी घेऊन तीं प्रथिनें ती आळीपाळीनें लांबवितात. शेवटीं ही लांब सांखळी व पहिल्या कारखान्याची चोवीस-सव्वीसांची सांखळी यांची गांठ मारिली कीं मायकोलिक आम्ल तयार होतें. हें काम बेबंद चालत नाहीं. पहिल्या कारखान्याचें जनुक जागें ठेवणारें एक प्रथिन आहे. लांब सांखळ्या सांचूं लागल्या कीं त्याच त्याला चिकटतात, त्याची जनुकावरील पकड सुटते व काम मंदावतें. दुसऱ्या कारखान्यांतील प्रथिनांना फॉस्फेटचा गट चिकटवून जंतु त्यांचा वेग कमी करितो. माल सांचला कीं मागणी थांबवावी, हा व्यवहार त्याला पक्का कळतो. १९९८ सालीं या जंतूचीं सर्व जनुकें वाचलीं गेलीं. सुमारें चार हजारांपैकीं अडीचशेंच्या आसपास प्रथिनांचा व्यवहार केवळ स्निग्धाम्लांशींच आहे, असें त्या वेळीं आढळलें. आपल्या आंतड्यांतील साध्या जंतूंत ती संख्या पन्नासाच्या आसपास असते.

आयसोनायझिड हें दुसऱ्या कारखान्यांतील एका प्रथिनाला जाऊन अडवितें. गंमत अशी कीं तें मुळांत निरुपद्रवी असतें. क्षयजंतूचेंच एक प्रथिन त्याला विषारी रूप देतें. तें नेमकें कोणाला अडवितें हें १९९४ सालीं सिद्ध झालें. तो कारखाना बंद पडला कीं नवें मेण मिळत नाहीं आणि जंतूची भिंत ढांसळते. मनुष्याच्या चरबीच्या कारखान्याला त्याचा धक्का लागत नाहीं. एर्लिख ज्या गोळीच्या शोधांत होते ती अशीच असावयास हवी होती. हें औषध दिलेले जंतु एर्लिखांच्या पद्धतीनें रंगविले असतां आम्लानें त्यांचा तांबडा रंग निघून जातो, असेंहि दिसून आलें आहे.

कवचाचें काम एवढ्यावर संपलेलें नाहीं. दुसऱ्या कारखान्यांत सांखळीला शेवटचे कांहीं कार्बन जोडणारें एक प्रथिन आहे. २००७ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याचें जनुक काढून टाकिलें. जंतु जगले, सांखळ्या केवळ दोन ते सहा कार्बनांनीं आंखूड झाल्या. परंतु तेवढ्यानें आम्लापुढें टिकणारा तो तांबडा रंग नाहींसा झाला. असे जंतु उंदरांना दिले तेव्हां उंदीर आजारी होऊन मेले नाहींत, आणि जंतुहि मेले नाहींत. महिनोन् महिने ते फुप्फुसांत तसेच निपचित पडून राहिले; एर्लिखांच्या पट्टीवर ते तांबडे दिसले नसते.